बारा फुटांचं वर्तुळ

आमच्या हॅलोरन गावात कर्लिंग न खेळणारे लोक दोन प्रकारचे आहेत. ज्यांना अजून चालता येत नाही ते, आणि मी. वीस किलोचा दगड बर्फावरून सरपटत सोडायचा आणि लांबवर आखलेल्या रंगीत वर्तुळांच्या आत नेऊन थांबवायचा, एवढाच हा खेळ. त्या वर्तुळांना आमच्याकडे ‘घर’ म्हणतात. मी आयुष्यात एकदाच दगड सोडला, तो घरात पोचलाही, पण ते घर शेजारच्या सामन्यातलं होतं. तेव्हापासून स्पर्धेच्या दिवसांत मी सँडविचं करतो. माझी अंड्याची सँडविचं पंचक्रोशीत नावाजलेली आहेत, पण अंड्याच्या सँडविचांवर पुरुषाचा स्वाभिमान किती वर्षं तग धरणार? त्यातून माझी बायको मार्लिस ही बायकांच्या संघाची कर्णधार.

तर जानेवारीत क्लबातलं बर्फ गोठवायचं यंत्र बंद पडलं. सुटा भाग मार्चमध्ये येणार होता आणि स्पर्धा फेब्रुवारीत. ऐंशी वर्षांत न चुकलेली स्पर्धा. क्लबात सभा भरली, सगळे खाली मान घालून कॉफी ढवळत बसले, आणि त्या शांततेत कोणाचा तरी हात वर गेला. वर बघितलं तर तो माझाच होता.

“शाळेच्या मैदानात बर्फ आहेच,” मी म्हणालो. “माझा चौथीचा वर्ग त्यावर घरं आखून देईल. भूमितीचा पाठ म्हणून.”

“ओरेस्ट,” मार्लिस हळूच म्हणाली, “खाली बस.”

पण टाळ्या वाजल्या होत्या. माझ्यासाठी क्लबात टाळ्या वाजण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्या वाजून संपेपर्यंत मी काय बोलून बसलो ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हा हात उगीच वर गेला नव्हता. दर शुक्रवारी दुपारी मी वर्गाला बाहेर नेऊन भूमिती शिकवत असे. सावली मोजून झाडाची उंची काढणं, बर्फात पावलांनी आयत आखणं, असं. मुलं खूश होती. पालक मात्र मोजून होते, कारण सप्टेंबरपासून अकरा हातमोजे हरवले होते आणि त्यांत एकही जोडी जुळत नव्हती. आणि वर्गात डेल्फीन लाव्हाले होती. डेल्फीन गणिताचा पेपर कोरा द्यायची. चुकलेला नाही, कोरा. चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं तरी. कोऱ्या कागदावर मास्तराने कुठे बोट ठेवायचं?

मुख्याध्यापिका फ्रीसनबाईंनी एक यादी केली होती. यादीतल्या मुलांनी शुक्रवारी दुपारी ऑफिसशेजारच्या छोट्या खोलीत बसून सरावाची वही सोडवायची. त्या यादीत डेल्फीनचं नाव पहिलं होतं.

“शुक्रवारीच का?” मी विचारलं.

“कारण शुक्रवारी तुम्ही तसंही काही शिकवत नाही, बाहेर असता,” बाई अगदी सरळपणे म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी स्पर्धेपर्यंतची मुदत मागितली. बाईंनी ती दिली, पण एक अट घातली. स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी शिक्षण मंडळाच्या गणित सल्लागार ऑस्टरटागबाई येतील, बाहेरचा तास बघतील आणि ठरवतील. बाहेर काही शिकणं होत नसेल, तर डेल्फीन खोलीत. माझा शुक्रवारही वर्गात.

पहिली अडचण फॉर्मची आली. मंडळाच्या धोका-मूल्यमापन फॉर्मवर ‘साहित्य’ या रकान्यात मी ‘वर्तुळ’ लिहिलं. फॉर्म परत आला. वर्तुळ टोकदार आहे का, मुलं त्यात अडकल्यास बाहेर काढण्याची सोय काय, आणि त्याचं माप मीटरमध्ये द्यावं. आमच्या देशात माणसाची उंची फुटांत असते, तो चालतो ते अंतर किलोमीटरमध्ये, त्याच्या ओव्हनची उष्णता फॅरनहाइटमध्ये आणि बाहेर तो गारठून मरतो ते सेल्सियसमध्ये. कर्लिंगचं घर बारा फुटांचं, ही गोष्ट इथे लहान मूल बाराखडीआधी शिकतं. मी ३.६६ मीटर लिहून पाठवलं. टोकाबद्दल ‘नाही’ लिहिलं. सुटकेच्या सोयीबद्दल ‘वर्तुळ सर्व बाजूंनी ओलांडता येते’ असं लिहिलं. फॉर्म मंजूर झाला.

दुसरी अडचण रंगाची. खरा रंग वापरायला मंडळाने बंदी केली, कारण वसंतात बर्फ वितळून रंग मातीत जाणार. मग सरबताची पूड वापरायचं ठरलं. ही युक्ती विल्फकाकांची. विल्फकाका म्हणजे चाळीस वर्षं क्लबाचा बर्फ बनवणारा माणूस. ते स्वतः येऊन अर्ध्या दिवसात सगळं उरकून गेले असते, पण नेमकं त्याच महिन्यात त्यांचं खुब्याचं हाड बदललं होतं. घरी पलंगावर पडून ते फोनवरून सूचना द्यायचे, आणि सूचना देताना मध्येच नर्सशी भांडायचे.

“ऐक ओरेस्ट. बाहेरचं बारा फूट, ते निळं. आतलं आठ, ते पांढरं, तिथे रंग नको. मधलं चार, ते लाल. लिहिलंस?”

“लिहिलं काका.”

“रंग काय लागेल सांगतो. निळ्याला पाच बादल्या, लालला एक. चाळीस वर्षांत यात थेंबाचा फरक नाही. अहो बाई, ती सुई ठेवा खाली, मी बर्फाचं बोलतोय.”

आम्ही दोऱ्या कापल्या. बारा फुटांची, आठ फुटांची, चार फुटांची. मैदानाच्या एका टोकाला खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली, दोरीच्या दुसऱ्या टोकाला टोकदार काठी. मुलं दोरी ताणून गोल फिरली. ‘खुंटीपासून कडेपर्यंत जे अंतर असतं त्याला त्रिज्या म्हणतात,’ असं मी खणखणीत आवाजात सांगितलं, तीनदा सांगितलं, आणि मुलांकडून म्हणवून घेतलं. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे जे झालं त्यात त्रिज्या म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

डेल्फीनने दोरी धरायला नकार दिला. आकडे असतील अशा कुठल्याही वस्तूपासून ती चार पावलं लांब राहायची. मग तिने स्वतःहून बादल्या घेतल्या. रंग कालवायचा आणि वाहून आणायचा. प्रत्येक बादलीमागे ती शेजारच्या बर्फाच्या ढिगावर काठीने एक रेघ ओढायची. मी ते बघितलं, पण तिला काही विचारलं नाही. विचारलं की ती थांबते, एवढं मला कळलं होतं.

पाच बादल्या संपल्या तेव्हा निळं वर्तुळ पावभर झालं होतं. मी म्हटलं, मुलं सांडतायत. दहा संपल्या, तेव्हा म्हटलं, बर्फ पितोय. मी विल्फकाकांना फोन केला, तर ते म्हणाले की बाहेरचा बर्फ खडबडीत असतो, थोडं जास्त लागणारच, तू बायकांसारखा रडू नकोस. हे ऐकून मार्लिस तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. गावातल्या दुकानातली निळी पूड संपली. शेजारच्या दोन गावांतली संपली. दुकानदारीण मला बघून पुठ्ठ्याचं खोकं पुढे ओढून उभी राहायला लागली, जणू मी सरबताचा व्यसनी होतो. एवढ्यात मुलांना शोध लागला की हा बर्फ चाटता येतो. दुसऱ्या दिवशी चौथीचे सव्वीस विद्यार्थी निळ्या जिभा घेऊन घरी गेले, आणि फ्रीसनबाईंच्या टेबलावर एका तासात चौदा फोन आले. पंधरावा दवाखान्यातून होता.

“सर,” बाई म्हणाल्या, “हे कोणत्या पाठात बसतं?”

“निळ्या भागाचं क्षेत्रफळ,” मी म्हणालो. त्यांना हसू आलं नाही.

या सगळ्या काळात आमचं घर खुल्या मैदानात पडलेलं होतं. शाळेवरून दिवसाला पन्नास गाड्या जायच्या. तरी कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि याचं कारण समजायला आमच्या गावात जन्मावं लागतं. स्पर्धेआधी दुसऱ्याच्या बर्फाला नावं ठेवणं हे इथे फार हलकं समजतात. आणि खेळणाऱ्याने स्पर्धेआधी बर्फ निरखून बघणं म्हणजे परीक्षेचा पेपर फोडणं. गाडीची काच खाली व्हायची, एक टोपी बाहेर यायची, “छान बर्फ, ओरेस्ट,” म्हणायची, आणि काच वर जायची. मार्लिस तर शाळेवरून जाताना चेहऱ्याला हात लावून जायची. मला वाटायचं, तिला माझा अभिमान वाटतोय पण दाखवायचा नाहीये.

अखेर चोवीस बादल्यांत एक घर पूर्ण झालं. वीस निळ्या, चार लाल. इतकं भव्य घर मी कधी पाहिलं नव्हतं. पण मी मुळात घराकडे नेहमी सँडविचांच्या टेबलावरून बघत आलो होतो, तिथून सगळंच लहान दिसतं.

शुक्रवार आला. दुसऱ्या टोकाचं घर त्याच दिवशी आखायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा. सकाळी पारा उणे पंचवीस होता. आमच्या शाळेत उणे सत्तावीसला मुलांना आत बसवतात, तेव्हा दोन अंशांवर माझं भवितव्य लटकलं होतं. ऑस्टरटागबाई लांब कोट आणि पाटीएवढी वही घेऊन आल्या. त्यांच्या मागे फ्रीसनबाई, हातात ती यादी.

मी मुलांना गोल उभं केलं. “आज आपण काय करणार आहोत? डेव्हन, सांग.”

डेव्हनने सांगितलं. तो नेहमी सांगतो. ऑस्टरटागबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि मान वर करून विचारलं, “या घराला रंग किती लागला?”

डेव्हनने माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे. ज्याने तीन गावांतली पूड संपवली, त्याने आकडा कसा सांगायचा?

“चोवीस बादल्या,” मागून आवाज आला. डेल्फीन होती. तिची नजर कोणाकडेच नव्हती, बर्फाच्या ढिगावरच्या रेघांकडे होती. “निळ्याच्या वीस आणि लालच्या चार. विल्फ आजोबा पाच आणि एक म्हणाले होते.”

“मुलांनी सांडला थोडा,” मी घाईघाईने म्हणालो.

“नाही सर.” एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं, संपलं, आता ही महिनाभर बोलणार नाही. पण ती बोलली. “सांडला असता तर कसाही आला असता. पाचाचे वीस, एकाचे चार. हे दोन्ही चौपटच आहेत. नेमके.”

ऑस्टरटागबाईंनी लिहिणं थांबवलं. “मग काय झालं असेल?”

डेल्फीन बाजूच्या कोऱ्या बर्फावर गेली. बुटांनी तिने एक चौकोन तुडवला, चारी बाजूंना पाच-पाच पावलं. मग त्याच्याच शेजारी दहा-दहा पावलांचा दुसरा. मग दुसऱ्याच्या पोटात काठीने दोन आडव्या-उभ्या रेघा मारल्या. त्यात पहिल्यासारखे चार चौकोन झाले.

“कड दुप्पट केली की आत चार मावतात,” ती म्हणाली. “गोलाचंही तसंच असणार. म्हणजे आपली दोरी दुप्पट आहे. विल्फ आजोबांचे बारा फूट म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत. आपण मधूनच बारा मोजले.”

मी घराकडे बघितलं, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला ते जसं होतं तसं दिसलं. ते चोवीस फुटांचं होतं. त्यात ट्रक वळवता आला असता. त्रिज्या म्हणजे काय हे सव्वीस मुलांना तीनदा घोकायला लावणाऱ्या माणसाने व्यासाची दोरी त्रिज्या म्हणून बांधली होती. गावातली प्रत्येक टोपी “छान बर्फ, ओरेस्ट” म्हणून गेली होती, आणि प्रत्येकीला हे दिसलं होतं. मार्लिसने चेहऱ्यावर हात का ठेवला होता, तेही तेव्हा उमगलं.

ऑस्टरटागबाईंचा चेहरा मात्र उजळला होता.

“सर,” त्या म्हणाल्या, “हे अप्रतिम आहे. तुम्ही मुद्दाम दुप्पट दोरी दिलीत आणि मुलांना रंगाच्या हिशोबातून चूक शोधू दिलीत. एवढ्या वर्षांत मी इतका विचारपूर्वक रचलेला पाठ बघितला नाही.”

आता वाचकहो, माझ्या जागी स्वतःला ठेवा. पुढे केलेलं ताट होतं. मी नुसता गालात हसलो असतो तरी शुक्रवार वाचला असता, माझा स्वाभिमान वाचला असता, गावात “ओरेस्टने ते मुद्दाम केलं होतं” अशी बातमी संध्याकाळच्या आत पोचली असती. माझं तोंड उघडलंही होतं. ‘हो’ त्यात आलेला होता.

पण हा खेळ बिनपंचांचा आहे. दगडापुढचा बर्फ घासताना माझा झाडू चालत्या दगडाला लागला, तर समोरच्याने बघितलं असो वा नसो, मी स्वतः हात वर करून सांगायचं असतं. हे मला खेळून माहीत नाही, सँडविचं वाटताना चाळीस वर्षं बघून माहीत आहे. आणि मला डेल्फीन दिसत होती. मी ‘हो’ म्हटलं, तर तिने शोधलेली गोष्ट मीच लपवून ठेवलेली होती असा त्याचा अर्थ होत होता. मग ती फक्त मास्तराने पेरलेलं उचलणारी मुलगी ठरणार होती.

“नाही बाई,” मी म्हणालो, आणि त्या हिवाळ्यात दुसऱ्यांदा, या खेपेला समजून उमजून, हात वर केला. “मी चुकलो. मला खरंच कळलं नाही. दोन आठवडे कळलं नाही. हे तिने शोधलंय, आणि मी मध्ये नव्हतो. होतो तो वाट अडवूनच होतो.”

डेव्हन मोठ्याने हसला आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. फ्रीसनबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे इतकी वर्षं बघतायत, पण तसं कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी यादी ऑस्टरटागबाईंकडे दिली.

“हिचं नाव?” ऑस्टरटागबाईंनी विचारलं.

“पहिलंच आहे.”

त्यांनी पेन्सिलने नाही, पेनाने, त्या नावावर रेघ मारली. “पेनाची शाई गोठायच्या आत,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “शुक्रवार चालू ठेवा, सर. मात्र पुढच्या महिन्यात मंडळाच्या सगळ्या शिक्षकांसमोर तुम्ही एक व्याख्यान द्यायचं. विषय, त्रिज्या आणि व्यास.”

“मी?”

“अनुभवी माणूस पाहिजे,” त्या म्हणाल्या.

मला रडू आलं, ते लपवत नाही. उणे पंचवीसला रडणं हे सोपं काम नव्हे, पापण्या एकमेकींना चिकटतात, आणि त्या हाताने सोडवाव्या लागतात. मी त्या सोडवत असताना डेल्फीन जवळ आली. तिने मला बराच वेळ न्याहाळलं.

“तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

“नाही.”

“एवढे दिवस?”

“एवढे दिवस.”

ती विचारात पडली. तिचा कोरा कागद मी सप्टेंबरपासून बघत होतो, पण तिने माझा कोरा कागद आज पहिल्यांदा बघितला होता. “मग न येणं इतकं काही वाईट नसतं,” ती म्हणाली. मला सांगत नव्हती, स्वतःलाच सांगत होती.

एव्हाना रस्त्यावर चार-पाच गाड्या थांबल्या होत्या. चूक आता उघड बोलली गेली होती, त्यामुळे आता न बोलण्याचं काही कारण उरलं नव्हतं, आणि एकाच वेळी सगळ्या काचा खाली आल्या. गरम पाण्याने धुवा, खरवडा, वरून बर्फ टाका, हे घर मुलांना ठेवा आणि दुसरं वेगळीकडे काढा, असे पाच जणांचे सहा सल्ले आले. मी कानावर टोपी ओढली. अजून एक अख्खं घर आखायचं होतं आणि दोन तासांत अंधार होणार होता.

डेल्फीनने बारा फुटांची दोरी उचलली. दोन टोकं जुळवून ती मधोमध दुमडली, घडी दातांनी धरली, हातमोजे घट्ट केले, आणि दुमडलेली दोरी खुंटीला लावली. मग खुंटी माझ्या हातात दिली.

“सर, तुम्ही हे नुसतं धरून ठेवा,” ती म्हणाली. “मोजायचं मी बघते.”